नकाशाला लावलेली तीट

ऑफिसात त्याला खोडरबर म्हणायचे. हुद्दा आरेखकाचा, म्हणजे रस्त्यांचे आणि बसमार्गांचे नकाशे काढायचे. पण नाव पडलं ते खोडण्यावरून. कुणी नुसतं "हे इथे असं का?" एवढं विचारलं, की उत्तर द्यायच्या आधी याच्या हातात रबर आलेलं असे. पुढे कॉम्प्युटर आले, कागदावरची रेघ पडद्यावर गेली, रबर ड्रॉवरमध्ये पडून वाळून गेलं, तरी माणूस तोच राहिला आणि नावही तेच. शिपायाने जरा मोठ्याने हाक मारली तरी याच्या छातीत धस्स व्हायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याचा ब्रह्मराक्षस नुसता पाठीशी नव्हता, याच्याबरोबर डबा घेऊन रोज ऑफिसला यायचा.

राहायला तो शहराच्या कडेच्या एका चढावरच्या वस्तीत होता. मुख्य रस्त्यापासून वर जाणारा एकच बोळ, आणि तोही असा की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावायची आणि दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. त्या बोळाच्या मध्यावर दोन खोल्या. त्याच्या वडिलांनी बांधलेल्या, आईने डोक्यावरून विटा वाहिलेल्या. आता घरात तो, बायको आणि ऐकू कमी येणारी आई. आई दिवसभर दारात एका लाकडी खुर्चीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायची. त्यांचं उत्तर तिला ऐकू यायचं नाही, त्यामुळे भांडण कधी व्हायचं नाही.

ती खुर्ची वडिलांची. वडिलांच्या छातीत कळ आली त्या दिवशी अँब्युलन्स आली खरी, पण खाली रस्त्यावर उभी राहिली. बोळात ती शिरणार कुठून? मग वडिलांना त्याच खुर्चीवर बसवून खाली नेलं. पुढचे पाय याच्या हातात, मागचे शेजारच्या शिंप्याच्या हातात. "हळू रे, भिंतीला लागेल," असं वडील दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. खाली पोचले तेव्हा त्यांची मान छातीवर आली होती. याबद्दल तो कुणाशी बोलत नसे. आईने मात्र तेव्हापासून एक वाक्य धरलं होतं: "मला इथूनच न्यायचं. दुसऱ्या कुठल्या दारातून नाही."

आता त्याच्या ऑफिसची एक जुनी रीत सांगितली पाहिजे. ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. नव्या माणसाला ती चहाच्या टपरीवर आवाज खाली करून सांगितली जायची. नकाशा तयार झाला की त्याला तीट लावायची. बाळ देखणं असलं की दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाचा ठिपका लावतात ना, तशी. म्हणजे सगळा आराखडा चोख करायचा आणि एका जागी मुद्दाम ढळढळीत चूक ठेवून द्यायची. तळ्याच्या मधोमध बसथांबा. नदीच नाही तिथे पूल. कारण आराखडा शेवटी आमदारांपुढे सहीला जायचा, आणि समोर आलेल्या कागदात काहीच बदल सुचवला नाही तर त्या आमदारकीला अर्थ काय! मग कुणी थांबा मेव्हण्याच्या दुकानापुढे ओढायचा, कुणी रस्ता स्वतःच्या प्लॉटकडे वळवायचा. तीट लावली की सगळ्यांची नजर तिच्यावर पडे. "अहो, तळ्यात बस थांबवताय की होडी?" असं कुणीतरी गरजे. मोठे साहेब कपाळावर हात मारून घेत आणि म्हणत, "आपल्या नजरेतून काही म्हणून सुटत नाही!" आमदार खूश. तीट पुसली जाई आणि बाकीचा आराखडा जसाच्या तसा पार पडे. हे तीट लावायचं काम खोडरबरकडे होतं, कारण ती पुसायला तोच सगळ्यांत आधी धावायचा.

असं छान चाललेलं असताना सरकारने नवा नियम काढला. प्रादेशिक वाहतुकीचा आराखडा करणाऱ्या समितीत त्या त्या भागातले आमदार यापुढे पहिल्या बैठकीपासून सदस्य म्हणून बसणार. शेवटी सहीपुरते नाही, अगदी सुरुवातीपासून. नकाशे त्यांच्या घरी जाणार, ते जागेवर जाऊन बघणार, रस्ता कुठून न्यायचा यावर मत देणार. ऑफिसचे धाबे दणाणले. मोठ्या साहेबांनी खोडरबरला आत बोलावलं. दार लावून घेतलं. दार लागलेलं बघूनच याच्या तोंडचं पाणी पळालं.

"या वेळी तळ्यातला थांबा चालायचा नाही," साहेब म्हणाले. "हे लोक नकाशा घरी नेणार, बायकापोरांना दाखवणार. जरा खरी वाटेल अशी तीट लाव. रस्त्यासारखा रस्ता दिसला पाहिजे, पण शुद्धीवर असलेला कुठलाही आमदार त्याला हो म्हणणार नाही, असा."

"कुठे लावू, सर?"

"त्या नव्या बाईंच्या मतदारसंघात. पहिल्यांदाच निवडून आल्यात, काहीतरी पकडायला उतावळ्या असतील. पकडू दे त्यांना."

त्या मतदारसंघात याचीही वस्ती होती. पण ते त्याच्या डोक्यात नंतर आलं. आधी त्याने पडद्यावर एक वस्ती बघितली आणि रेघ ओढायला हात नेला, तर खाली कुणाची तरी छपरं. दुसरी बघितली, तिथेही छपरं. उद्या काही घोटाळा झाला, तीट पुसायची राहिली, तर या माणसांचा तळतळाट कुणाला लागणार? त्याला घाम फुटला. मग त्याला आपला बोळ दिसला. स्वतःचा तळतळाट स्वतःला लागत नाही, असा त्याचा हिशेब. आणि भरगच्च मतदारांच्या बोळावरून बुलडोझर फिरवायला कोण आमदार मान डोलावेल? त्याने खालच्या रस्त्यापासून वरच्या दवाखान्याच्या रस्त्यापर्यंत सरळ रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'प्रस्तावित जोडरस्ता'. रेघ बरोबर त्याच्या स्वयंपाकघरावरून गेली. दुसऱ्याच्या घरावर रेघ मारायची भीती वाटली म्हणून या माणसाने ती स्वतःच्या घरावर मारली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

बैठकीच्या दिवशी तो मागे कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी बसला होता. रेघ पुसायच्या बटणावर बोट तयारच ठेवलेलं. लांब टेबलाभोवती आमदार बसले होते आणि बोलण्यापेक्षा जास्त ऐकत होते, तेच आधी साहेबांना खटकलं. नव्या आमदारबाई सगळ्यांत कमी बोलत होत्या. आधी त्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात नर्स होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नकाशावर वाकताना तो डोळ्यांवर चढवायच्या. त्यांचं बोट गावं, थांबे, फाटे असं करत करत त्या रेघेवर येऊन थांबलं.

"ही रेघ?"

साहेबांचा हात कपाळाकडे निघाला. "चूक झाली, मॅडम. आपल्या नजरेतून काही—"

"चूक कसली? अहो, या आख्ख्या आराखड्यात मनासारखी ही एकच रेघ सापडली मला." त्यांनी चष्मा काढला. "मी तातडीच्या विभागात होते ना, तेव्हा त्या वस्तीतला पेशंट आम्ही दारातच ओळखायचो. बाकीचे स्ट्रेचरवरून यायचे. हे खुर्चीवरून यायचे, खाटेवरून, कुणाच्या तरी पाठीवरून. आणि यायचे ते उशिराच. निवडणुकीत तीनदा चढले तो बोळ. हा रस्ता झालाच पाहिजे. पहिला हा, बाकीचे मागाहून."

शेजारच्या मतदारसंघाचे आमदार म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे." तिसऱ्यांनी मान डोलावली. साहेबांचा हात कपाळापाशीच राहिला होता, त्याने त्यांनी केस सारखे केले. कोपऱ्यात खोडरबरचं बोट बटणावर होतं आणि उचललंही जात नव्हतं, दाबलंही जात नव्हतं. त्याला त्या क्षणी आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीतली फडताळाची खाच दिसली, तिच्यात ठेवलेला मिठाचा डबा दिसला. त्याची पाचावर धारण बसली.

बैठक संपल्यावर तो साहेबांच्या मागे गेला. "सर, सांगून टाकू या. ती तीट होती म्हणून."

"काय सांगशील?" साहेब दबक्या आवाजात ओरडले. "आमदारांना गंडवायला आम्ही नकाशात खोटे रस्ते काढतो, असं? आणि एवढी वर्षं काढत आलो? हक्कभंग म्हणजे काय ठाऊक आहे तुला? भर सभागृहापुढे उभं करतात. तुलाही आणि मलाही."

हक्कभंग म्हणजे नेमकं काय ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तर त्याची भीती दुप्पट झाली. त्या दिवसापासून त्याला एक मोठं दालन दिसायला लागलं. चारी बाजूंनी उंच बाकं, बाकांवर माणसं, मध्ये हा एकटा, आणि कुणीतरी विचारतंय, "हे इथे असं का?" आणि खिशात रबर नाही. जेवताना दिसायचं, दाढी करताना दिसायचं. एकदा तर गाल कापला.

बायकोला मात्र सांगावं लागलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे वळली.

"एवढं मोठं शहर पडलंय, आणि रेघ ओढायला तुम्हाला माझंच स्वयंपाकघर सापडलं?"

"दुसऱ्या कुणाचं घर नको म्हणून..."

"वा! दानशूरच की." मग तिचा आवाज खाली आला. "आणि आईंना कोण सांगणार? त्या म्हणतात ना, मला इथूनच न्यायचं. त्यांना काय सांगायचं, की तुमचं दार तुमच्या मुलाने पुसलं?"

हेच तर होतं. नोकरी जायची भीती होती, सभागृहाची होती. पण त्या सगळ्यांच्या बुडाशी आईची भीती होती. आई रागावेल याची नाही. आई काहीच न बोलता त्या खुर्चीतून उठेल आणि भिंतीवरून हात फिरवेल, याची. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की तो पुढ्यातलं ताट तसंच सारून उठायचा.

मग मोजणीवाले आले. त्यांनी दोन्ही भिंतींना फीत लावली आणि घराघराच्या चौकटीवर लाल रंगाने खुणा केल्या. आईला वाटलं, पोरांनी रेघोट्या मारल्या. तिने ओल्या फडक्याने खूण पुसायला घेतली. रोज सकाळी ती ते फडकं घेऊन चौकटीपाशी उभी राहायची आणि पोरांच्या नावाने बोटं मोडायची. लाकूड झिजायला आलं, रंग निघाला नाही. खोडरबर ऑफिसला निघताना तिच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडायचा. बोळातून तो आता जीव मुठीत धरून जायचा, कारण सगळा बोळ त्याची वाट अडवून उभा असायचा.

शेजारचा शिंपी त्याच्याहून मोठा, वडिलांचा पत्त्यातला भिडू. एका सकाळी त्याने गळ्यातली टेप न काढताच याचा दंड धरला. "काय रे, ह्या खुणा कसल्या? लोक म्हणतायत रस्ता जाणार."

"बघतो ऑफिसात."

"बघ बाबा. आपला माणूस आत आहे म्हणून आम्ही निवांत आहोत. कुणी मेल्याने मारली असेल रेघ, तर तू पुसून टाकशील, हे ठाऊक आहे आम्हाला."

शिंप्याच्या बोटांत टाचणी होती, ती दंडाला टोचत होती. त्याने ती टोचू दिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. रडायचीही सोय नाही.

काही दिवसांनी कळलं की आमदारबाई वस्तीत सभा घेणार आहेत. ज्यांची घरं जाणार त्यांचं ऐकल्याशिवाय रेघ पुढे सरकणार नाही, असं त्यांनी समितीत ठरवून घेतलं होतं. सभेच्या दिवशी सकाळी तो चपला घालत होता आणि आई चौकटीवर फडकं घासत होती. रंग निघत नाही म्हणून तिने आता नखाने खरवडायला घेतलं होतं. त्याच्या मनाने एकदम घेतलं. होऊ दे काय व्हायचं ते. आज सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने असं काही ठरवलं आणि त्याची त्याला इतकी भीती वाटली की न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, त्याने ते वाक्य पाठ केलं. "ती रेघ खोटी आहे. आमदारांनी पुसायला सांगावी म्हणून मी काढली." पाणी वाया जातंय म्हणून बायको बाहेरून ओरडली तेव्हा त्याने नळ बंद केला.

सभा वरच्या मोकळ्या पटांगणात होती. ऊन उतरलं होतं. आमदारबाई गाडी खाली सोडून बोळातून चढून आल्या. मध्येच थांबून त्यांनी दोन्ही हात पसरले, तर दोन्ही तळवे भिंतींना टेकले. मोठे साहेब त्यांच्या मागून धापा टाकत आले. म्हाताऱ्या माणसांना बसायला घराघरांतून खुर्च्या आल्या होत्या. शिंप्याने याच्या आईला तिच्या खुर्चीसकट पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं.

बाई मोजकं बोलल्या. आधी या पटांगणाच्या कडेला पक्की घरं, त्यात सगळे राहायला गेल्यावर मग रस्ता, हे आराखड्यातच लिहून घेतलंय म्हणाल्या. आम्हाला पहिल्यापासून बैठकीत बसायचं होतं ते एवढ्यासाठीच, म्हणाल्या. लोक ऐकत होते, पण चेहरे आवळलेले होते. शेवटी शिंपी उठला.

"ते सगळं ठीक आहे, ताई. पण आमच्या डोक्यावरून रेघ मारणारा तो कोण? त्याला एकदा इथे उभा करा. स्वतःचं घर असतं तर मारली असती का त्याने?"

आमदारबाईंनी साहेबांकडे बघितलं. "कुणी काढली हो?"

साहेबांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. त्यांचा हात खोडरबरच्या पाठीवर आला आणि त्याला दोन पावलं पुढे ढकलून थांबला. "हे आमचे आरेखक. यांनीच काढली. आणि घर म्हणाल, तर हे याच बोळात राहतात."

खोडरबरला ते दालन दिसलं, चारी बाजूंच्या बाकांचं. फरक एवढाच की बाकांवर आता त्याचे शेजारी होते. शिंपी त्याच्याकडे बघत राहिला. आता हा येऊन मारणार, असं याला वाटलं आणि त्याने मान खाली घातली. पण शिंप्याची नजर त्याच्यावरून खाली खुर्चीवर गेली, आणि तिथेच थांबली.

"मागचे पाय माझ्या हातात होते," शिंपी म्हणाला. "बापासाठी काढलीस होय रे? आणि आम्हाला बोलला नाहीस?"

कुणीतरी "च्च" केलं. एका बाईने डोळ्यांना पदर लावला. आमदारबाई त्याच्याकडे असं बघत होत्या की त्याला कुठे तोंड लपवावं कळेना. हे तर आगीतून फुफाट्यात. मार परवडला असता. आता बोललंच पाहिजे, आत्ता नाही तर कधीच नाही, म्हणून त्याने तोंड उघडलं.

"काय झालं?" आई म्हणाली. "काय म्हणतायत? हा का उभा आहे?"

शिंपी तिच्या कानाशी वाकला. "वहिनी! अँब्युलन्स दारापर्यंत यायला रस्ता होतोय! त्याची रेघ ह्याने काढली! आपल्या घरावरून!"

आईने मान वर केली. त्याने ज्याची एवढी धास्ती घेतली होती ते झालं नाही. ती भिंतींकडे बघायला वळलीच नाही, त्याच्याकडेच बघत राहिली.

"तू काढलीस?"

त्याने मान डोलावली.

"तुला काढता येत होती?"

"हो, आई."

"मग हे होते तेव्हा का नाही काढलीस?"

न्हाणीघरात पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. डोक्यात नुसता नळ वाहत होता. खरं तेवढंच शिल्लक होतं, ते तो म्हणाला. "मला वाटलं, असल्या रस्त्याला कुणी हो म्हणणारच नाही."

आईने कानामागे हात धरला. तिला ऐकू आलं नव्हतं. त्याला तेच पुन्हा, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणावं लागलं. लोकांनी माना डोलावल्या. खरंच आहे, कोण हो म्हणतं गरिबाला. एकट्या साहेबांना ते पुरतं कळलं आणि ते स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले.

आईला मात्र ते पटलेलं दिसलं नाही. ती खुर्चीत पुढे सरकली.

"विचारलं होतंस का कुणाला?"

त्याने विचारलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला, आणि आई कानामागे हात धरून उत्तराची वाट बघत राहिली.